एकोणचाळीस प्रश्न आणि एक 'शुक्र'

'दर्जा' हा शब्द मराठीत इतका मुरला आहे की तो अरबीतून आला हे आता मुद्दाम सांगावे लागते. मूळ अर्थ पायरी. पायऱ्या मोजता येतात, म्हणूनच मालाचा दर्जा, शाळेचा दर्जा, रस्त्याचा दर्जा असे आपण सहज बोलून जातो. पण 'जीवनाचा दर्जा' म्हणताना जीभ जरा अडखळते. 'जीवनमान' म्हणावे तर त्यात पगार, घर आणि नळाचे पाणी येते. 'गुणवत्ता' म्हणावे तर दहावीची गुणवत्ता यादी डोळ्यांपुढे येते आणि आयुष्यात कोण पहिला आला असा भलताच प्रश्न पडतो. तरीही वैद्यकशास्त्राने ही कल्पना उचलली आहे, आणि माणसाच्या जगण्याचा दर्जा शून्य ते शंभर या आकड्यांत सांगता येतो असे ते म्हणते. हे म्हणणे आम्हाला पार्किन्सन्सच्या, म्हणजे आपल्याकडच्या कंपवाताच्या, निमित्ताने तपासून पाहायचे आहे. हा आजार लगेच जीव घेत नाही आणि बराही होत नाही. वर्षानुवर्षे सोबत राहतो. अशा माणसाबद्दल 'वाचेल का?' हा प्रश्न फारसा उपयोगाचा नसतो. 'कसा जगेल?' हाच खरा प्रश्न असतो.

लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरने १८१७ मध्ये या आजारावर छोटा निबंध लिहिला. त्यात सहा माणसांचे वर्णन आहे. काहींना त्याने रस्त्यात गाठले होते, एकाला तर नुसते लांबून पाहिले होते. थरथर, पुढे वाकलेले शरीर, धावत सुटल्यासारखी चाल, हे सारे लांबून दिसतेच. पुढची दीडशे वर्षे वैद्यकाने हा आजार असाच, बाहेरून, पाहिला. १९६७ मध्ये मार्गारेट होएन आणि मेल्विन यार यांनी त्याच्या पाच पायऱ्या ठरवल्या. पहिल्या पायरीवर आजार शरीराच्या एकाच बाजूला, दुसरीवर दोन्ही बाजूंना, तिसरीवर तोल जाऊ लागतो, चौथीवर माणूस कसाबसा स्वतःच्या पायांवर उभा असतो, पाचवीवर चाकाची खुर्ची किंवा अंथरूण. १९८७ मध्ये आणखी तपशीलवार मोजपट्टी आली. डॉक्टर रुग्णाला बोटे आपटायला सांगतो, खुर्चीतून उठायला सांगतो, चालायला लावतो आणि प्रत्येक गोष्टीला शून्य ते चार गुण देतो. या मोजपट्ट्या उपयोगी आहेत. औषध लागू पडते की नाही हे त्यावरून कळते. पण त्यात रुग्ण बहुतांशी परीक्षेला बसलेला विद्यार्थी असतो आणि गुण देणारा दुसराच कोणी असतो.

ही रीत बदलली १९९५ मध्ये. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी पार्किन्सन्सच्या रुग्णांशी सविस्तर बोलून, त्यांना काय सलते ते ऐकून, एक प्रश्नावली तयार केली. तिचे नाव पीडीक्यू-३९. एकोणचाळीस प्रश्न. गेल्या महिन्याभरात अमुक अडचण किती वेळा आली? कधीच नाही, क्वचित, कधीकधी, बरेचदा, नेहमी. रुग्णाने खूण करायची. हालचालीचे दहा प्रश्न, रोजच्या कामांचे सहा, मनाच्या अवस्थेचे सहा, लोकलज्जेचे चार, आधाराचे तीन, स्मरण आणि एकाग्रतेचे चार, बोलण्याचे तीन, दुखण्याखुपण्याचे तीन. या आठ भागांची सरासरी काढली की आकडा मिळतो. शून्य म्हणजे काहीच अडचण नाही, शंभर म्हणजे सगळ्याच. इथे प्रथमच रुग्ण स्वतःला गुण देऊ लागला. हा बदल आम्हाला तांत्रिक वाटत नाही, नैतिक वाटतो. एखाद्याचे जगणे कसे आहे हे सांगण्याचा पहिला अधिकार ते जगणाऱ्याचा आहे, एवढे तरी त्यात मान्य झाले.

आणि असे विचारल्याबरोबर जे उत्तर आले त्याने पुष्कळांना धक्का बसला. २००२ मध्ये सहा देशांतल्या रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. जगण्याच्या दर्जात माणसामाणसांत जो फरक पडतो, त्यातला जेमतेम सहावा हिस्सा आजाराची पायरी आणि औषधे यांनी समजावता येत होता. त्याहून मोठा वाटा होता खिन्नतेचा. त्याआधी २००० मध्ये लंडनच्या अभ्यासातही खिन्नताच पुढे आली होती. म्हणजे ज्या थरथरीकडे आपण सगळे पाहत राहतो, तिच्याहून अधिक जगणे पोखरते ते न दिसणारे. पाचव्या पायरीवरचा माणूस दुसऱ्या पायरीवरच्या माणसापेक्षा बरे जगत असू शकतो, आणि हे लांबून पाहून कळायला काहीच मार्ग नाही. त्यातही या आजाराची एक क्रूर गंमत अशी की चेहऱ्याचे स्नायू ताठरतात आणि चेहरा मुखवट्यासारखा स्थिर होतो. आत हसू असले तरी ओठांपर्यंत येत नाही. भेटायला आलेला म्हणतो, 'फार उदास झालेत हो.' आणि उदास असलेल्यालाही तोच म्हणतो, 'आजारामुळे चेहरा तसा दिसतो, बाकी मजेत आहेत.'

म्हणून विचारलेच पाहिजे. पण विचारायचे काय?

प्रश्नावलीतले काही प्रश्न इंग्लंडचे आहेत हे वाचताक्षणी कळते. अर्धा मैल चालण्यात अडचण येते का? बाजाराच्या पिशव्या उचलताना? ताटातले अन्न कापताना? आपल्याकडे अन्न कापत नाहीत, भाकरी मोडतात, आणि तीही एका हाताने. थरथर बहुधा आधी एकाच बाजूला सुरू होते. ती उजव्या हाताला असली तर डाव्याने जेवावे हे सुचवायलाही संकोच वाटावा अशी आपली रीत आहे. असा माणूस लग्नाच्या दावतीला जायचे टाळतो. दस्तरखानावर शेजारी बसलेल्याच्या कपड्यांवर रस्सा सांडेल ही धास्ती. पण गंमत पाहा, याच प्रश्नावलीतला दुसरा एक प्रश्न नेमका इथे पोचतो. चारचौघांत खाण्यापिण्याचे प्रसंग टाळावेसे वाटले का? ऑक्सफर्डच्या कुणा रुग्णाने कधीतरी हे सांगितले असेल म्हणून तो प्रश्न तिथे आहे. लाज ही गोष्ट काट्या-चमच्यापेक्षा अधिक सहज समुद्र ओलांडते.

काही गोष्टी मात्र सुटतात. ज्या माणसाने चाळीस वर्षे पाच वेळा जमातीत नमाज पढली, त्याला सजद्यातून उठता येईनासे होते. बसून, अगदी इशाऱ्यानेही नमाज होते, शरीअतने ती सवलत दिलेलीच आहे. मशिदीत आता कडेला खुर्च्याही असतात. पण सफेत खांद्याला खांदा लावून उभे राहणे त्याच्यापासून सुटते, आणि काय सुटले हे सांगायला त्याला एकोणचाळीसपैकी एकाही प्रश्नात जागा सापडत नाही. फुरसतीचे छंद या सदरात ते बसत नाही, रोजच्या कामांतही बसत नाही. रमजानचेही तेच. दर काही तासांनी गोळी घ्यावी लागते, रोजा राहत नाही. फिदया देऊन हिशेब पुरा होतो, पण सहेरीला उठलेल्या घरात आपण एकटेच अंथरुणात आहोत हे पुरे होत नाही. वारी चुकलेल्या वारकऱ्याचे दुःख याहून वेगळे नसावे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० च्या दशकात जीवनाच्या दर्जाची जी व्याख्या केली तिचा आशयच असा आहे की माणूस ज्या संस्कृतीत आणि मूल्यांत जगतो त्यांच्या संदर्भात स्वतःच्या स्थितीकडे कसे पाहतो ते पाहायचे. त्या संघटनेची स्वतःची प्रश्नावली घडवण्यात दिल्ली आणि मद्रासची केंद्रेही होती. व्याख्या चांगली आहे. दवाखान्यात मात्र भाषांतर केलेला कागद येतो.

तो कागद भरतो कोण? आमच्या परिचयातल्या एका निवृत्त मुख्याध्यापकांना असा कागद भरताना आम्ही पाहिले आहे. एके काळी त्यांचे फळ्यावरचे अक्षर पाहायला दुसऱ्या शाळेतले शिक्षक येत. या आजारात अक्षर बारीक बारीक होत जाते. त्यांची सही बँकेतल्या नमुन्याशी जुळेनाशी झाली होती. म्हणून सून प्रश्न वाचत होती आणि खूण करत होती. घरच्यांकडून हवा तसा आधार मिळाला नाही असे किती वेळा वाटले, हा प्रश्न तिने अर्धा वाचला असेल-नसेल, तोच सर म्हणाले, 'लिख बेटी, कभी नहीं.' उत्तर खरेच असेल. सून त्यांचे करते हे आम्हाला दिसते. पण ते खरे नसते तरी दुसरे कोणते उत्तर त्या खोलीत देता आले असते? ऑक्सफर्डमध्ये हा कागद एकट्याने, आपल्या हाताने भरायचा म्हणून बनला. आपल्याकडे तो पुष्कळदा घराच्या साक्षीने भरला जातो. आणि घरच्यांनी रुग्णाच्या वतीने परस्पर भरला तर वेगळीच अडचण येते. जवळची माणसे बहुधा रुग्णापेक्षा वाईट गुण देतात. ती खोटे बोलत नसतात. त्यांच्या स्वतःच्या थकव्याची शाई त्या खुणांना लागलेली असते.

आणखी एक पेच आहे. लेव्होडोपाची गोळी लागू असते तेव्हा माणूस हिंडतो-फिरतो, बोलतो. तिचा अंमल उतरला की पाय जमिनीला चिकटतात. एकाच दिवसात दोन माणसे. त्यांपैकी उत्तर देतो कोण? बहुधा गोळी चढलेला, कारण दुसऱ्याला पेन धरता येत नाही आणि दवाखान्यापर्यंत येताही येत नाही. ज्याची स्थिती वाईट त्याचे म्हणणे अशा रीतीने कागदावर कमीच उतरते. शिवाय डोपामाइन हे हालचालीपुरते रसायन नाही. आनंद, उमेद, ओढ यांच्याशीही त्याचा संबंध आहे. म्हणजे मोजणारे मनच औषधाच्या अंमलाखाली आहे. पॅरिसच्या डॉक्टरांनी २००६ मध्ये मेंदूत विद्युतकांड्या बसवलेल्या २९ रुग्णांबद्दल लिहिले. शरीर उत्तम सुधारले होते, थरथर थांबली होती, पण अनेकांचे संसार विस्कटले होते, काहींना कामावर परत जावेसे वाटत नव्हते. इतकी वर्षे आजाराभोवती रचलेले आयुष्य आजार मागे हटताच उभे राहीना. दुरुस्त झालेले शरीर आणि चांगले आयुष्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्यांनी मोकळेपणाने मांडले, याचे आम्हाला कौतुक वाटते.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. आपल्याकडे कुणालाही 'तब्येत कशी आहे?' विचारा. 'अल्लाहचा शुक्र आहे.' शेजारच्या घरात विचारा. 'देवाची कृपा, चाललंय.' हे उत्तर म्हणजे नुसता शिष्टाचार आहे असे कुणी म्हणेल. तसे नाही. सब्र ही कमावलेली गोष्ट असते. गंभीर अपंगत्व असलेल्या माणसांशी अमेरिकेत अल्ब्रेक्ट आणि डेव्हलीगर यांनी बोलून १९९९ मध्ये जे लिहिले त्यात निम्म्याहून अधिक, ५४ टक्के, लोकांनी आपले जगणे चांगले किंवा उत्तम असल्याचे सांगितले. बाहेरच्यांना हे पटत नाही, कारण बाहेरचा माणूस आजच्या आपल्या शरीरातून त्या आयुष्याकडे पाहतो. रुग्ण मोजपट्टीच बदलतो. काल ज्याला 'चालणे' म्हणत होतो त्याऐवजी आज नातवासोबत ओसरीपर्यंत जाणे मोलाचे ठरते. ही फसवणूक नाही, ही बुद्धी आहे.

पण याच नाण्याची दुसरी बाजू अमर्त्य सेन यांनी दाखवली, ती विसरून चालणार नाही. बंगालच्या दुष्काळानंतर १९४४ मध्ये कलकत्त्याजवळच्या सिंगूर भागात आरोग्याची पाहणी झाली. विधुरांपैकी ४८.५ टक्के पुरुषांनी आपली प्रकृती वाईट किंवा बेताची असल्याचे सांगितले. विधवांमध्ये हे प्रमाण होते २.५ टक्के. त्या काळच्या बंगाली विधवेचे पोषण आणि तिची देखभाल पाहता ती विधुरापेक्षा निरोगी होती असे कोण म्हणेल? तक्रार करण्याइतका स्वतःवर हक्क आहे हेच तिला कधी वाटू दिले गेले नव्हते. सेन यांनी पुढे केरळ आणि बिहारचीही तुलना केली. जिथे माणसे जास्त जगतात त्या केरळात आजाराची तक्रार जास्त, आणि जिथे आयुर्मान कमी त्या बिहारमध्ये तक्रार कमी. शिक्षण आणि दवाखाना आला की माणसाला दुखणे हे दुखणे म्हणून ओळखू येते.

मग आमच्या आईने, चाचीने, फुफीने कंप सुटलेल्या हातांनी 'कभी नहीं' म्हटले तर ते काय समजावे? सब्र, की सिंगूरच्या विधवेचे मौन? कागदावर दोन्हींची खूण एकाच चौकोनात पडते. आम्ही यावर बराच विचार केला आणि आमचे मत असे झाले की तिला उलटतपासणी घेऊन हे शोधून काढण्याचा हक्क आपल्याला नाही. ती समाधानी आहे म्हणते तर आहे. आपण तिला 'तू खरे म्हणजे दुःखी आहेस' असे शिकवायला जाऊ नये. पण तिचे समाधान तिच्या खात्यावरचे आहे, ते समाजाने आपल्या खात्यावर जमा करू नये. तिने शुक्र मानला म्हणून गोळ्यांचा खर्च, व्यायाम शिकवणारा, घसरणार नाही अशी न्हाणीची फरशी, हे सारे देणे माफ होत नाही. हिशेब तिच्या गरजेवरून व्हावा, तिच्या तक्रारीवरून नव्हे. नाही तर सब्राची शिक्षा होईल आणि कुरकुरीला बक्षीस मिळेल. घरोघरी नेमके हेच घडते. जो ओरडतो त्याच्या अंथरुणाशी सगळे धावतात.

याच्या उलट धोकाही आहे, आणि तो अधिक गंभीर आहे. जीवनाच्या दर्जाचे आकडे केवळ रुग्णाला समजून घेण्यासाठी वापरले जात नाहीत. आयुष्याची वर्षे आणि त्यांचा दर्जा यांचा गुणाकार करून कोणत्या उपचारावर पैसा खर्च करणे परवडते हे ठरवले जाते. त्यासाठीच्या एका प्रचलित पद्धतीत सर्वसाधारण लोकांना विचारतात की अमुक अवस्थेत दहा वर्षे जगण्याऐवजी पूर्ण निरोगी अशी किती वर्षे पत्कराल? काही अवस्थांना उत्तरे अशी येतात की मूल्य शून्याच्या खाली जाते, म्हणजे मरणापेक्षा वाईट. भारतातही २०१७ पासून सरकारी पातळीवर उपचारांचे असे मूल्यमापन सुरू झाले आणि २०२२ मध्ये साडेतीन हजारांहून अधिक भारतीयांच्या उत्तरांवरून बेतलेली मूल्ये प्रसिद्ध झाली. परक्या देशांची मूल्ये उसनी घेण्यापेक्षा हे बरेच. मर्यादित पैशात निवड करावीच लागते, हेही आम्ही नाकारत नाही. पण त्या अवस्थेत प्रत्यक्ष जगणारा 'शुक्र आहे' म्हणत असताना, ती अवस्था कधी न अनुभवलेल्यांनी तिला मरणाखालचा आकडा द्यावा, हे आम्हाला गिळता येत नाही. दोन उपचारांपैकी कोणता बरा हे ठरवायला आकडा चालेल. दोन माणसांपैकी कोणाचे जगणे मोलाचे हे ठरवायला त्याला पुढे करता येणार नाही.

१९ जुलै १९९६ ला अटलांटात मुहम्मद अलीने ऑलिंपिकची ज्योत पेटवली. १९८४ मध्ये त्याच्या आजाराचे निदान झाले होते. साऱ्या जगाने त्याचा थरथरणारा हात पाहिला. कुणी हळहळले, कुणी ताठ उभे राहिले. पायऱ्यांच्या मोजपट्टीवर त्याचा क्रमांक काढता आला असता. त्यानंतर तो जवळजवळ वीस वर्षे जगला.

मुंबईची पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी आणि पुण्याचे पार्किन्सन्स मित्रमंडळ अशा संस्थांनी रुग्णांना एकत्र बसवायला सुरुवात केली, तिथे या प्रश्नावलीतल्या लोकलज्जेच्या भागाला वेगळाच उतारा सापडतो. सगळ्यांचेच हात हलत असतील तर कुणाचा हलतो हे पाहायचे कुणी? हे घरातही करता येण्यासारखे आहे. कागद घरच्यांनी न वाचता त्रयस्थाने वाचावा, आणि ज्या बोलीत माणूस दुआ मागतो त्या बोलीत वाचावा. चहाचा कप अर्धाच भरावा. आणि दावतीला अशा चाचांना बोलवायचे असेल तर त्यांच्यापुढे वेगळा चमचा ठेवू नये. त्या दिवशी दस्तरखानावर सगळ्यांच्याच ताटात चमचे ठेवावेत.